फाटक, अकरा चौकटी आणि एक उलटी पट्टी

माझ्या हातून झालेल्या वस्तू आधी लिहितो. माणसांचं नंतर बघू.

जेवणाचं टेबल एक. खुर्च्या सहा, पैकी पाच शिल्लक. सहावी जावयाने मागच्या दोन पायांवर झोके घेत मोडली आणि वर विचारलं, लाकूड कच्चं होतं का. एकही खिळा नसलेला पलंग. लेकीचा पाळणा, आणि ती मोठी झाल्यावर त्याच लाकडाचं तिचं अभ्यासाचं मेज. आईचं औषधांचं कपाट, नऊ खणांचं, प्रत्येक खण एका बोटाने उघडणारा. खिडक्यांच्या चौकटी चौदा, पैकी सहा थोरल्या भावाच्या घराला. ज्यावर वाकून हे लिहितो आहे ते कामाचं टेबल. बागेचं सागवानी फाटक एक, आणि त्याला जुळणाऱ्या कुंपणाच्या अकरा चौकटी, त्यांतली एक सोडून. ती एक कुणाची, ते कलम पाचमध्ये येईल.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. संध्याकाळच्या सुतारी वर्गाच्या मास्तरांनी शाळेचा दाखला नाही म्हणून मला दारातून परत पाठवलं होतं. वीस वर्षांनी तेच मास्तर माझं फाटक बघायला विद्यार्थी घेऊन आले. मी त्यांना रस्त्यावरूनच बघू दिलं.

तर मी, वय वर्षे छप्पन्न, बाटल्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं भांडारपाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती नाही असं म्हणणारे दोघे जण आहेत. दोघांनाही खाली काही ना काही ठेवलं आहे, तेव्हा त्यांनी हा कागद खोटा ठरवण्याआधी आपापला वाटा आठवावा. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. एकाने आणून पाहिला, त्याची हकिगत योग्य जागी येईल. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, काही नाही हो, आमचं रोजचंच काम. रोजचंच काम म्हणणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून हा कागद सोमवारच्या आत पुरा करतो आहे.

कलम १. घर. वडिलांनी घेतलेल्या जागेचा डावा अर्धा भाग थोरल्या भावाचा आणि उजवा माझा. थोरला भाऊ शिकलेला वास्तुरचनाकार आहे. लहानपणापासून घरात त्याला सगळे 'साहेब' म्हणत आले; आधी कौतुकाने, मग सवयीने, आता घाबरून. मीही या कागदात साहेबच म्हणतो. माझ्या अर्ध्या भागातल्या तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची शेड माझ्या पत्नीला, ती असेपर्यंत. तिच्यानंतर आमच्या एकुलत्या एका लेकीला. जावयाला या घरात पाहुणा म्हणून राहण्याचा पूर्ण हक्क आहे. पाहुणा म्हणजे जो परत जातो तो.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीला. आकडा बँक सांगेल, मी तो इथे लिहून कुणाच्या तोंडाला पाणी सुटू देणार नाही.

कलम ३. हत्यारं. सर्व करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, ओळंबा आणि पाणसळ लेकीला. विजेवर चालणारा रंधा यादीत शोधू नये. तो शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी गेल्या महिन्यात विकला. हत्यारं भिंतीवर ज्या क्रमाने टांगली आहेत तो क्रम बदलायचा असेल तर तिने बदलावा, तिचा हात माझ्यापेक्षा आखूड आहे. पाऊण इंची पटाशी मात्र जावयाला द्यावी. त्याने ती मला न विचारता नेली आणि त्या पटाशीने रंगाचा डबा उघडला. धारेला जो दात पडला आहे तो मी मुद्दाम घासून काढलेला नाही. ती त्याने दिवाणखान्यात कुठेतरी ठेवावी आणि कुणी विचारलं की काय झालं ते खरं सांगावं.

कलम ४. फाटक. हे कलम लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी आपला वाटा बघून निघावं.

घराच्या पुढच्या अंगाला, दोन्ही भागांसमोर मिळून एकच कुंपण आहे आणि मधोमध एकच फाटक. साहेब आपल्या बाजूच्या मोठ्या दाराने गाडीतून येतात-जातात. त्यांच्या पायांना हे फाटक ठाऊक नाही. ते वापरायचो आम्ही दोघं, लेक, आणि सगळ्यांत जास्त आई. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती आणि रोज सकाळी भाजी आणायला स्वतः जायची, कारण दुसऱ्या कुणी आणलेली भाजी तिच्या मते निवडलेली नसायची, उचललेली असायची. नजर मला कुणाकडून मिळाली हे यावरून कळावं.

जुनं कुंपण कुजलं तेव्हा साहेबांनी नव्याचा आराखडा काढला. सुंदर काढला. साहेबांची रेघ फार सुंदर असते, ती कागदावर असेपर्यंत. त्यात फाटकाची तिरपी पट्टी उलटी होती.

हे समजायला पदवी लागत नाही, म्हणून लिहितो. लाकडी फाटक एका बाजूने बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं आणि दुसरी बाजू, कडीची, मोकळी. मोकळी बाजू स्वतःच्या वजनाने खाली जाऊ बघते. तिला पेलायला एक तिरपी पट्टी घालतात. त्या पट्टीचं खालचं टोक बिजागरीकडे आणि वरचं टोक कडीकडे हवं, म्हणजे फाटकाचं वजन पट्टीला दाबतं. लाकूड दाबाखाली वर्षानुवर्षं उभं राहतं. पट्टी उलटी घातली तर तेच वजन तिला ओढतं, आणि ओढलं की सांधे हळूहळू उघडतात आणि फाटक झुकतं. कारखान्यातल्या खोक्यांच्या झाकणांवरून मी हे शिकलो. साहेब पाच वर्षं शिकले आणि त्यांना कुणी खोकं दाखवलं नाही.

मी त्यांना सांगितलं. चार पाहुणे बसलेले होते, हे माझं चुकलं असेल. साहेब हसले आणि म्हणाले, "तू बाटल्या मोज रे. आराखडा मी काढलाय, तू फक्त बांध."

मी म्हणालो, "बांधतो, दादा. अगदी तुझ्या आराखड्याप्रमाणे."

आणि बांधलं. सूतभर इकडे-तिकडे न करता, उलट्या पट्टीसकट. असं फाटक झुकणार हे मला माहीत होतं. ते झुकावं म्हणूनच बांधलं. या घरात दुसरा कुणी सुतार असता तर त्याने मुकाट्याने पट्टी सुलट घातली असती आणि साहेबांना ते जन्मात कळलं नसतं. पण मला ते कळायला हवं होतं.

पावसाचे दिवस संपेपर्यंत कडीकडचा कोपरा एक बोट खाली आला. चौदा महिन्यांत दोन बोटं. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चहाचा कप कुंपणावर ठेवून तो मोजायचो. खोटं कशाला लिहू, मला आनंद व्हायचा. साहेबांना एकदा बोलावलं, या, बघा. ते म्हणाले, रविवारी बघू. चौदा महिन्यांत तो रविवार आला नाही.

फाटकाच्या कोपऱ्याने वाटेच्या फरशीवर एक कमान कोरली. रोज थोडी खोल. आईने त्यावर आपली युक्ती काढली होती: पिशवी डाव्या खांद्यावर, उजव्या हाताने फाटक वर उचलायचं आणि कमरेने ढकलायचं. मी काय मोजत होतो तर फाटक. उचलणारा हात मला दिसला नाही असं लिहिलं तर या मृत्युपत्रात पहिलं खोटं वाक्य येईल. दिसत होता. साहेब कधी बघतात याची मी वाट बघत होतो.

एके सकाळी ते तिच्या हातातून सुटलं, कोपरा फरशीत अडला आणि ती पिशवीसकट पुढे पडली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात साहेब गाडीची किल्ली फिरवत म्हणाले, "आई, जरा बघून चालायचं ना." मी शेजारी उभा होतो. पट्टीबद्दल मी तिथे एक अक्षर बोललो नाही. साहेबांची इतकी वर्षं मी हेटाळणी करत आलो, पण त्या दिवशी त्या खोलीत सर्वांत हलका माणूस मी होतो, हे नोंदवून ठेवतो.

घरी आल्यावर तिला उशीला टेकवून बसवलं. प्लास्टर कोपरापर्यंत. साहेब मला ठेकेदाराची नावं सांगत होते आणि मी त्यांना लाकडाचं ऐकवत होतो. आई म्हणाली, "दोघंही हुशार. फाटक तेवढं रोज मला उचलावं लागलं."

त्यानंतर ती त्या विषयावर कधीही बोलली नाही. मनगट जुळलं, पण पिळण्याची ताकद गेली, आणि भाजी दुसऱ्यांनी आणलेली खावी लागली. तिच्या लेखी हीच खरी शिक्षा होती. तीन वर्षांनी ती गेली, झोपेत, मनगटाचा काही संबंध नसताना. नसताना, असं डॉक्टर म्हणाले.

तिच्या त्या वाक्यानंतर अर्ध्या तासात मी फाटक बिजागऱ्यांवरून उतरवलं. कारखान्यातून नऊ दिवसांची रजा काढली आणि नवं बांधलं, कुंपणासकट. आता जे उभं आहे ते हे. पट्टी सुलट. प्रत्येक सांध्यात कूस, म्हणजे फळीचं तासलेलं टोक, खाचेत पूर्ण खोल, वरून लाकडी खुंटी, कुठेही फट लपवायला पुटी भरलेली नाही. उघडायला करंगळी पुरते. आईने पहिल्या दिवशी ते डाव्या हाताच्या करंगळीने उघडलं, माझ्याकडे न बघता. साहेबांनी गाडीची काच खाली करून पाहिलं आणि म्हणाले, "बघ, आराखडा बरोबरच होता."

कलम ५. चौकटी आणि काठी. मी टेप वापरत नाही. टेप दोनदा धरली की दोन मापं देते. मी एका सरळ काठीवर कामाची सगळी मापं खुणांनी उतरवून घेतो आणि सगळं त्या काठीवरून कापतो. वखारवाले मला त्यावरून 'काठीवाले' म्हणतात. मी ते कौतुक समजतो. या कुंपणाच्या काठीवर एक जास्तीची गोष्ट आहे. आमच्या पुढची जमीन फाटकापासून दोन्ही टोकांकडे उतरती आहे. फळ्यांमधल्या फटी सारख्या ठेवल्या तर उतारावर त्या डोळ्याला वाढत गेलेल्या दिसतात. म्हणून फाटकापासून टोकाच्या चौकटीपर्यंत मी प्रत्येक फट किंचित कमी करत नेली आहे. बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच वाटतात. कुठली किती, ते फक्त त्या काठीवर आहे.

काठी लेकीला. कारण असं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि केसाच्या जाडीचा फरक तिला नखाने कळतो. त्या नऊ दिवसांत सहावी चौकट पुरी झाली आणि माझी पाठ धरली. पडल्या पडल्या मी ओरडून सूचना देत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एक तर झोपा नाही तर गप्प बसा, दोन्ही केलंत तर उत्तम." आणि काठी घेऊन सातवी चौकट एकटीने केली. मी उठून उरलेल्या चार केल्या, तेव्हा अकराही चौकटी उन्हात ओळीने उभ्या होत्या. मी दोनदा चालत गेलो. तिची कोणती ते मला सांगता आलं नाही, तिला विचारावं लागलं. त्याचा राग मला दोन दिवस होता.

तेव्हा फाटकातला आणि कुंपणातला माझा हिस्साही तिचाच. सूचना: दरवर्षी जवसाच्या तेलाचे दोन हात. रंग कधीही नाही, कुणी फुकट दिला तरी. बिजागऱ्यांना मेण. फरशीवरची कोरलेली कमान सिमेंटने बुजवू नये. साहेबांनी त्यासाठी दोनदा गवंडी पाठवला, मी दोनदा परत पाठवला. आणि फाटकावर पितळेची, लाकडाची, कुठल्याही नावाची पाटी लावू नये. माझ्याही.

कलम ६. साहेबांना. त्यांचा मूळ आराखडा, त्यांच्या सहीचा आणि तारखेचा, मी जपून ठेवला आहे. त्याला सागवानी चौकट करून काच घातली आहे. चौकटीचे कोपरे बघावेत, केसही शिरणार नाही. उलटी पट्टी काचेतून स्वच्छ दिसते. हा आराखडा माझ्या थोरल्या बंधूंना, त्यांच्या कार्यालयात टांगण्यासाठी. नाही टांगला तर लेकीने परत मागून घ्यावा.

कलम ७. ती उलटी पट्टी. जुन्या फाटकातली मूळ पट्टी शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला टांगलेली आहे. तिच्यावर मी पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आहेत: माहीत होतं. ती सरपणात जाऊ देऊ नये, आणि कुणी विचारलं तर दोन्ही गोष्टी सांगाव्यात, आराखड्यात काढली कुणी आणि फाटकात घातली कुणी. हीही लेकीला. तिला नको असेल तर तसं तिने स्पष्ट सांगावं, ती सांगेलच.

कलम ८. सुतारी वर्गाच्या मास्तरांना काही नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकांना, ज्यांनी माझ्याकडून फुकट कपाट करून घेतलं आणि त्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवला, त्यांनाही काही नाही.

कलम ९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम माझी पत्नी करील. मी गेल्यावर लोक तिला समजूतदारपणे वागायला सांगतील. तिने या घरात तेहतीस वर्षं समजूतदारपणा केला आहे, आता पुरे.

हे सर्व मी वाचून, समजून, खाडाखोड न करता लिहिलं. कलम चारमध्ये एके ठिकाणी शाई पसरली आहे, ती खाडाखोड समजू नये.

सही: फाटकाच्या खालच्या आडव्या पट्टीला आतून जी कोरली आहे, तीच येथे केली आहे.

साक्षीदार पहिले: लाकडाच्या वखारीचे मालक. मला तीस वर्षं लाकूड विकलं आणि दोनदाच ओलं दिलं.
साक्षीदार दुसरे: फाटकाच्या बिजागऱ्या घडवणारे लोहार. अंगठा नको, सहीच करतो म्हणाले, आणि माझ्यापेक्षा चांगली केली.

स्थळ: कामाची शेड, माझं टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा गुरुवार, फाटकाला यंदाच्या तेलाचा दुसरा हात दिला तो दिवस.

जोड, साक्षीदारांच्या सांगण्यावरून. सह्या झाल्यावर वखारवाल्यांनी कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, "काठीवाले, दबाव आणला असं वर लिहिलंत, हकिगत येईल म्हणालात, ती कुठाय? आणि किती देऊ केले तो आकडा?" लोहारही म्हणाले, आकड्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही. बरोबर आहे. लिहितो.

साहेबांना सुट्टीतल्या घरांचं मोठं काम मिळालं आहे. चाळीस घरं, आणि प्रत्येकाला आमच्यासारखं फाटक आणि कुंपण. मालकाने आमचं पाहिलं आणि तेच हवं म्हणाला. साहेबांच्या माणसांनी फोटो काढून, टेप लावून नक्कल केली. फाटक जमलं, कुंपण उतारावर वेडंवाकडं दिसायला लागलं. तेव्हा त्यांना काठीची आठवण झाली. दोन महिन्यांपूर्वी साहेब पाकीट आणि एक टंकलिखित कागद घेऊन आमच्याकडे आले, आई गेल्यानंतर पहिल्यांदा. त्यांना काठी हवी होती आणि कागदावर माझी सही. कागदावर एकच वाक्य होतं: सदर फाटक व कुंपण मूळ आराखड्यानुसार, त्यात कोणताही बदल न करता बांधले आहे.

पाकीट तीन दिवस आमच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली होतं. झडपेचं तेव्हा ठरलेलं होतं, खर्चही कळलेला होता. पत्नीने ते उघडलं नाही आणि हलवलंही नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "परत द्यायचं तर तुम्ही जा. आणि ठेवायचं असेल तर आधी आईंचं कपाट घरातून हलवा, मला त्याच्यासमोर जेवता यायचं नाही."

मी गेलो. साहेब म्हणाले, "अरे, एक सही. ऑपरेशन होऊन वर उरतील. तुला नक्की हवंय तरी काय?"

मी म्हणालो, "एक वाक्य वाढव, दादा, लगेच सही करतो. काठीही घे. पहिलं फाटक आराखड्याप्रमाणे बांधलं होतं, ते झुकलं, आणि आई त्यामुळे पडली. खाली माझंही लिही, की बांधणाऱ्याला माहीत होतं."

साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "आई बघून चालली नाही. ते संपलंय आता."

मी पाकीट त्यांच्या मेजावर ठेवलं आणि आमच्या फाटकाने घरी आलो. 

पाकिटातला आकडा अंकी ४,७५,०००. अक्षरी चार लाख पंचाहत्तर हजार फक्त.